मेहुणे कोमात आहेत

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी अक्षर नीट काढतोय, पुढे काय होईल सांगता येत नाही.

संकल्प एकच. रोज पहाटे पाचला उठून दोन तास लिहायचं. मोठे लेखक पहाटेच लिहितात. आज साडेआठला उठलो, पण तेव्हा संकल्प केलेला नव्हता.

माझ्याच माहितीसाठी थोडी पार्श्वभूमी : 'बसा ना!' ही विनोदी मालिका नऊ वर्षं चालू आहे. दोन दिवसांसाठी बहिणीकडे आलेला आणि परत न गेलेला मेहुणा मी करतो. लिहितोही मीच. रस्त्यात लोक 'अहो मेहुणे' अशीच हाक मारतात. खरं नाव मला फॉर्म भरतानाच आठवतं. लोकप्रियता म्हणतात ती हीच.

५ जानेवारी
बायकोची सकाळपासून बडबड. ती वीज ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि घरी मला ऐकवायचं. आजचा विषय माझा मामेभाऊ, जो परवापासून मुक्कामाला आहे. म्हणे, "पाहुणा आणि लाईटबिल, दोन्ही न बोलावता येतात. पण बिल भरलं की जातं तरी." मी पेपर वाचत होतो, नीट लक्ष नव्हतं. कलावंताच्या घरात जरा शांतता हवी.

६ जानेवारी
शूटिंग. मेकअपला बसलो असताना एकाएकी वाक्य सुचलं. पाहुणा आणि लाईटबिल यांची तुलना. कुठून सुचलं देव जाणे. सेटवर नुसता हशा. कॅमेरामन हसला, कॅमेरा हलला, रीटेक. दिग्दर्शकाच्या मानेला कायम पट्टा असतो, म्हणून त्याला आम्ही मानपट्टा म्हणतो. तो म्हणाला, कसं सुचतं रे तुला? म्हटलं, साधना.

घरी येऊन बायकोला वाक्य ऐकवलं. ती नुसती बघत राहिली. काहींना कौतुक शब्दांत मांडता येत नाही.

१३ जानेवारी
चॅनेलमध्ये नव्या बाई आल्या आहेत. क्रिएटिव्ह हेड. वय माझ्या चपलांएवढं असेल. आज पहिली मीटिंग. विनोद म्हणजे काय यावर मी मनापासून बोललो. त्या पूर्ण वेळ मोबाईलवर टाईप करत होत्या. एकेक शब्द टिपून घेत होत्या बहुतेक.

शेवटी म्हणाल्या, मेहुणे थोडे जुने वाटतात का? म्हटलं, जुनं तेच टिकतं. त्यांनी तेही टाईप केलं.

१९ जानेवारी
पहाटे उठणं जमत नाही, कारण रात्री लवकर झोप येत नाही, कारण दुपारी झोपतो. दुपारी झोपतो कारण सकाळी उठायचं टेन्शन असतं. यातून मार्ग काढायला हवा.

सासरे आमच्याकडेच राहतात. कान गेलेत. यंत्र लावलं की शिट्टी वाजते, म्हणून टीव्ही आवाज बंद करून बघतात. 'बसा ना!' एकही भाग चुकवत नाहीत. सुरुवातीच्या नावांपासून शेवटच्या नावांपर्यंत सगळं वाचून काढतात. आज भाग संपल्यावर म्हणाले, "जावईबापू, आज तोंड फार चालत होतं तुमचं." शब्द ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकापर्यंतही पोचतो मी.

२६ जानेवारी
मोठा निर्णय. मागची खोली माझी लेखनाची खोली. बायकोचं शिलाई मशीन आणि इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं. जागेअभावी मशीन आता स्वयंपाकघराच्या दारात आहे, आडवं होऊन जाता येतं.

बायकोला शांतपणे सांगितलं की, तुझ्या बोलण्याने माझी विचारांची साखळी तुटते. यापुढे सकाळी माझ्याशी बोलायचं नाही. संध्याकाळीही नको, तेव्हा मी सकाळच्या विचारावर विचार करतो. थोडक्यात, काम असेल तरच.

म्हणाली, "बरं."

भांडण नाही, काही नाही. इतकं सोपं होतं तर नऊ वर्षं का थांबलो?

२ फेब्रुवारी
बायकोने शब्द पाळलाय. घरात इतकी शांतता की माशीसुद्धा ऐकू येते. दोन तास माशी ऐकली.

५ फेब्रुवारी
काही सुचत नाही. दोष खुर्चीचा आहे. पाठ ताठ राहिली नाही तर विनोद अंगात उतरत नाही.

६ फेब्रुवारी
नवी खुर्ची. पाठ उत्तम. वाक्य शून्य.

९ फेब्रुवारी
टेबल खिडकीकडे होतं, ते भिंतीकडे वळवलं. बाहेरचं दिसलं की लक्ष उडतं.

१० फेब्रुवारी
भिंतीवर एक डाग आहे. टेबल परत खिडकीकडे.

१७ फेब्रुवारी
नव्या भागाचं वाचन. लिहून झाला एकदाचा. मेहुणे छत्री हरवतात आणि छत्री हातातच असते. वाचून झाल्यावर कोणी हसलं नाही. गांभीर्याने ऐकलं सगळ्यांनी. मालिकेत माझ्या बहिणीचं काम करते ती नटी, तिला सगळे ताईच म्हणतात. ती वाचनानंतर बाजूला येऊन म्हणाली, "बरं नाहीये का तुला? घरी सगळं ठीक ना?" म्हटलं, घरी अगदी शांत आहे.

मानपट्टा मान हलवत होता. पट्ट्यामुळे हो की नाही ते कळलं नाही.

२४ फेब्रुवारी
चॅनेलच्या बाईंनी बोलावलं होतं. म्हणाल्या, पुढच्या भागात मेहुणे बल्ब बदलायला शिडीवर चढतात, पडतात आणि कोमात जातात. मी विचारलं, किती वेळ? म्हणाल्या, बघू.

आधी जरा धक्का बसला. मग लक्षात आलं. सस्पेन्स! माणूस डोळ्यांसमोर असतो तोवर किंमत नसते. आता लोक रस्त्यावर उतरतील. शिवाय मी लेखनातून थोडी विश्रांती घ्यावी, असंही त्यांनीच सुचवलं. दुसरे दोघं लिहितील तोवर. मनाने चांगल्या आहेत बाई.

३ मार्च
कोमाचा पहिला दिवस. आव्हानात्मक काम. संवाद नाही, हालचाल नाही, डोळे मिटलेले. अभिनय फक्त श्वासातून. तयारी म्हणून आठवडाभर दुपारी जास्त झोपलो होतो.

टेकमध्ये घोरलो. साऊंडवाला चिडला. मी म्हटलं, पात्रात शिरलो होतो.

४ मार्च
लोक अजून रस्त्यावर उतरलेले नाहीत. पेपरात बातमी यायला वेळ लागतो.

१० मार्च
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

माझी रक्तदाबाची गोळी घरी राहिली होती. बायको ऑफिसातून सुटी घेऊन ती द्यायला सेटवर आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी पलंगावर, नाकात नळी, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. शॉट अडकला होता. ताई माझ्या उशाशी बसून रडणार, पण हसू कुठे आणायचं हे त्या दोघा नव्या लेखकांना सुचत नव्हतं. सगळे छताकडे बघत होते.

बायको कोपऱ्यात, हातात गोळीची पट्टी. ताई तिला म्हणाली, "बघा ना वहिनी, काय बोलू मी याच्याशी?"

बायको म्हणाली, "अहो, नऊ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस ऐकून घेतोय. बोलून घ्या सगळं."

आधी ताई हसली. मग कॅमेरामन. मग मानपट्टा मान धरून हसला. लाईटवाला वर मचाणावर होता, त्याच्या हातातून काहीतरी पडलं. चॅनेलच्या बाई मॉनिटरमागून उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला सांगता येईना, कारण माझी पोझिशन हलवायची नव्हती. मी हसलो नाही. मी कोमात होतो.

बाईंनी तिला खुर्ची दिली. शेजारी बसवलं. चहा मागवला. संध्याकाळपर्यंत ती बोलत होती आणि सगळे हसत होते. खिडकीवर येणारे लोक, मीटर, सासरे, मामेभाऊ, शिलाई मशीनला आडवं होऊन जाणं. एवढं कधी बोलली नव्हती ती. निदान हल्ली तरी.

गोळी द्यायची राहूनच गेली.

२२ मार्च
चॅनेलच्या बाईंचा बायकोला फोन. मला थेट विचारायला संकोच वाटत असणार, म्हणून तिच्यामार्फत. फोन झाल्यावर बायको म्हणाली, "काम आहे म्हणून बोलतेय. त्यांनी मला लिहायला बोलावलंय. दर शनिवारी. जाऊ का?"

म्हटलं, जरूर जा. तिचं अक्षर चांगलं आहे. त्या दोघांच्या लिखाणाची स्वच्छ प्रत करायला माणूस हवा असणार.

ती म्हणाली, "मी लिहिणार आहे. मी स्वतः."

म्हटलं, हो हो, हातानेच लिही, कॉम्प्युटरवर मजा नाही.

१४ एप्रिल
टीआरपी वाढला. माझ्या कोमाला लोकांनी उचलून धरलंय. हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

आता भागाची रचना अशी असते : घरातला एकेक माणूस माझ्या पलंगाशी येतो आणि मनातलं बोलतो. लोक हसतात, थोडे रडतातही. ताईचा नवरा येऊन म्हणाला, "तू गेलास तर टीव्हीचा रिमोट मला मिळेल, पण भांडणार कोणाशी?" चांगलं वाक्य होतं. कोणी लिहिलं विचारलं तर मानपट्टा दुसरीकडे बघायला लागला. मान वळत नसताना.

५ मे
आज सासऱ्यांनी गोंधळ घातला. भाग सुरू झाला, पडद्यावर नावं आली आणि त्यांनी एकदम टेबलावर थापा मारायला सुरुवात केली. मला वाटलं छातीत दुखतंय. धावलो. तर ते पडद्याकडे बोट दाखवून ओरडत होते, "माझी पोर! माझी पोर!" लेखन म्हणून बायकोचं नाव होतं.

छपाईची चूक. आडनाव एक असल्यामुळे असे घोटाळे होतात. उद्या चॅनेलला कळवतो.

६ मे
कळवलं नाही. लहानसहान चुकांसाठी कोणाची नोकरी जायला नको.

१८ मे
बायकोने वीज ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली. घरी बसून लिहिते. खोली देऊ केली, मोठ्या मनाने. म्हणाली, नको, तिथे काही ऐकू येत नाही. जेवणाच्या टेबलावर बसते. कुकर चालू, दार वाजतंय, शेजारीण उंबरठ्यात उभी, आणि हिचं पेन थांबत नाही. ही काही लिहिण्याची पद्धत नव्हे.

मी माझ्या खोलीत. दार लावून.

२७ मे
सकाळी ती लिहिलेलं सासऱ्यांना वाचून दाखवते. त्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने. दार लावलेलं असलं तरी शब्दन् शब्द आत येतो. माझ्या कामात व्यत्यय येतो हे सांगायला उठलो होतो, पण तेवढ्यात चांगला भाग आला म्हणून दाराशीच उभा राहिलो.

सासरे हसत होते. खोकला येईपर्यंत. मग तीही हसली. तिचं असं हसणं मी लग्नानंतरच्या पहिल्या घरात ऐकलं होतं, जिथे नळ बंद करायला दोघं लागायचे.

दार थोडं उघडं ठेवलं. हवा खेळती राहावी म्हणून.

९ जून
तिला म्हटलं, ते न बोलण्याचं आता सोडून देऊ या. साखळीबिखळी काही नाही. बोल तू माझ्याशी.

म्हणाली, "बोलते ना." आणि खरंच प्रयत्न केला. मी समोर बसलो. तिने दुधाचं सांगितलं, सासऱ्यांच्या औषधाचं सांगितलं. मग घड्याळ बघून म्हणाली, "अहो, भाग द्यायचाय मला," आणि कागद पुढे ओढले.

तिचा काही दोष नाही. बोलण्याचीही सवय मोडते.

२१ जून
एका कंपनीच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणा. मीच बोलायचं ठरलं होतं. मंचावर गेलो तर टाळ्यांचा कडकडाट. म्हटलं, बघा! मग कोणीतरी ओरडलं, "मेहुणे, कोमातून उठलात?" मी म्हटलं, लवकरच. तर मागून दुसरा, "घाई नको हो, छान चाललंय!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा. त्यानंतर मी अर्धा तास बोललो, त्यात खोकल्याचे आवाज आले.

आभार मानताना त्यांनी माझ्या हातात फुलं दिली आणि म्हणाले, वहिनींना द्या.

४ जुलै
ताईकडून कळलं. चॅनेलच्या बाईंना मेहुण्यांना मारायचं होतं. पुढच्याच महिन्यात. भिंतीवर फोटो, विषय संपला. बायको अडून बसली. म्हणाली, त्याला मारायचं असेल तर दुसरा लेखक बघा. दोन दिवस वाद चालला. शेवटी बाई म्हणाल्या, ठीक आहे, मग उठवा त्याला.

मी घरी आलो. बायको भाजी निवडत होती. मला विचारायचं होतं की तू माझ्यासाठी भांडलीस का. विचारलं ते असं : "लोकांची मागणी आली म्हणे मला उठवायची?"

तिने वर पाहिलं. म्हणाली, "हो. खूप मागणी आली."

मला माहीत होतंच.

१६ जुलै
संवाद मिळाला. साडेचार महिन्यांनी पहिला. सगळं घर पलंगाभोवती जमलंय, सगळ्यांनी आपापली गुपितं माझ्या कानात ओतून झालीत, आणि मेहुणे डोळे उघडून म्हणतात : "मला सगळं ऐकू येत होतं."

एवढंच. वाक्य साधं आहे. बायको नवीन आहे अजून. मी त्यात थोडी भर घालणार आहे. आधी एक जांभई, मग 'चहा झाला का?', मग मूळ वाक्य, मग एक शेर.

२३ जुलै
आज शूटिंग.

पहिला टेक : जांभई दिली, नळी नाकातून निघाली. कट.
दुसरा टेक : 'चहा झाला का?' म्हटलं, मानपट्टा म्हणाला, हे कागदावर नाही. मी म्हटलं, मूळ वाक्याला उठाव येतो. कट.
तिसऱ्यात शेर विसरलो.

मग चॅनेलच्या बाई म्हणाल्या, "सर, जे लिहिलंय तेवढंच म्हणा ना, प्लीज." बायको मॉनिटरजवळ बसली होती.

ठीक आहे. लिहिलंय तेवढंच. डोळे मिटले. ॲक्शन. डोळे उघडले. समोर ताई, तिचा नवरा, दिवे, आणि दिव्यांच्या मागे बायको, पुढे वाकून, ओठ हलवत माझं वाक्य माझ्याबरोबर म्हणत होती.

"मला सगळं..." म्हटलं आणि तिथेच अडकलो.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. पाणी प्यायलो. पुन्हा घेतलं. या खेपेला डोळ्यांतून पाणी आलं आणि मेकअपवाली धावली. बाई हळूच म्हणाल्या, कॉमेडी आहे हो. मी म्हटलं, धूळ आहे सेटवर, नऊ वर्षं सांगतोय. सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. लाईटवालाही खाली बघत होता.

तेव्हा बायको उठली. पलंगाशी आली. वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "राहू दे. बोलू नका. एकच डोळा उघडा, सगळ्यांकडे बघा आणि परत मिटा. जमेल?"

जमलं. एका टेकमध्ये. ताई इतकी हसली की पलंगावर पडली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला डोळा मिटलेलाच ठेवावा लागला, कारण मानपट्टा कट म्हणायचं विसरला.

परतताना गाडीत बायकोला विचारलं, कसं झालं?

म्हणाली, "छान झोपलात." आणि माझा हात हातात घेऊन खिडकीबाहेर बघत बसली.

६ ऑगस्ट
भाग प्रक्षेपित झाला. तो एक डोळा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय. दूधवाल्याने डोळा मिचकावला. बँकेत मॅनेजरने मिचकावला. घरी आलो तर लिफ्टमध्ये एक अनोळखी बाई एक डोळा मिटून उभ्या. त्यांचा डोळा आला होता, हे नंतर कळलं. मी मात्र आभार मानून मोकळा झालो होतो.

माझ्या कारकिर्दीचं हे शिखर आहे. आता उठल्यावर मेहुण्यांनी काय काय करावं याचा आराखडा काढायला घेतला.

११ ऑगस्ट, सकाळ
चॅनेलच्या बाईंचा फोन. या वेळी थेट मला. म्हणाल्या, मालिका आणखी एक वर्ष वाढली, अभिनंदन. मेहुणे कायम. मी म्हटलं, माझ्याकडे आराखडा तयार आहे. त्या म्हणाल्या, "नाही सर, उठायचं नाही. कोमाच ठेवतोय. महिन्यातून एकदा एक डोळा. वहिनींना पण पटलंय. फक्त एक रिक्वेस्ट, मध्येच काही बोलू नका. चालेल ना?"

मला खूप काही म्हणायचं होतं. नऊ वर्षांचं. पाहुण्यांचं, साधनेचं, पाठीचं. तोंड उघडलं. काय आधी म्हणावं हे ठरेना. तिकडून "हॅलो? हॅलो?" येत राहिलं. मी फोन कानाला धरून उभा.

मग बाई म्हणाल्या, "वा! परफेक्ट. अगदी असंच," आणि त्यांनी फोन ठेवला.